भाव पोचला, पण बरोबर पोचला का?

विंचूर हा लासलगाव बाजार समितीचा उपबाजार. विद्यार्थीमित्रांनो, समजा येथील कांद्याचा भाव, क्विंटलला १५०० रुपये, संगणकावरून मुंबईस कळविला आणि वाटेत एकच खूण बिघडली, तर?

संगणकाची भाषा ० आणि १ या दोनच खुणांची. अशी प्रत्येक खूण म्हणजे एक बिट. १९६३ साली ठरलेल्या आस्की संकेतात ५ हा अंक ०११०१०१ असा लिहितात. तारेतील विजेच्या गोंगाटाने शेवटच्या १ चा ० झाला, की उरते ०११०१००, म्हणजे ४! भाव झाला १४००. क्विंटलमागे शंभर रुपयांचा फरक.

यावरचा उपाय सोपा आहे. पाठविणाऱ्याने १ किती आहेत ते मोजावे. संख्या सम असेल तर शेवटी ० जोडावा, विषम असेल तर १. हा पॅरिटी बिट. आता १ ची एकूण संख्या नेहमी समच असणार. पलीकडे ती विषम भरली, की चूक उघडी पडते आणि संदेश पुन्हा मागविता येतो.

पण दोन बिट एकदम बिघडले तर? ६ म्हणजे ०११०११०. ५ चा ६ झाल्यास पॅरिटी ओरडेल का? कागदावर करून पाहा. मग आजच्या ईथरनेट जाळ्यात माहितीच्या प्रत्येक तुकड्यामागे ३२ तपासणी-बिट का जोडतात, ते तुम्हांला आपोआप कळेल.