बरोबरी केव्हां पत्करावी?

बुद्धिबळाच्या पटावर जय आणि पराजय यांच्या दरम्यान बरोबरीचें एक स्थान आहे. पुष्कळ लोक त्यास भित्र्याचा आसरा समजतात. आमच्या मतें ही समजूत एकांगी होय. बरोबरी पत्करण्यास कधीं कधीं जिंकण्याइतकाच विवेक लागतो. मात्र आपणांस मागें ओढीत आहे तें भय कीं विवेक, हें ओळखतां आलें पाहिजे.

सन १९१० मधील लास्कर व श्लेख्टर यांचा सामना या दृष्टीनें मननीय आहे. दहा डावांच्या या सामन्यांत पांचवा डाव जिंकून श्लेख्टरनें आघाडी मिळविली होती. शेवटच्या डावापर्यंत बाकीचे सर्व बरोबरींत सुटले होते. दहावा डावही तसाच सुटला असता, तर सामना त्याचा होता. परंतु बरोबरीबद्दलच प्रसिद्ध असलेला हा शांत खेळाडू त्या डावांत साहसाच्या वाटेनें गेला आणि हरला. सामना पांच-पांच गुणांवर थांबला व जगज्जेतेपद लास्करकडेच राहिलें. सामन्याच्या अटींविषयीं अभ्यासकांत अद्यापि वाद आहे. परंतु अर्ध्या गुणाचें मोल काय असतें, तें या डावानें दाखविलें यांत वाद नाहीं.

याच्या उलट उदाहरण सन २०१८ चें. लंडन येथील जगज्जेतेपदाच्या सामन्यांत कार्लसन व कारुआना यांचे पहिले अकरा डाव बरोबरींत सुटले. बाराव्या डावांत काळ्या मोहऱ्यांनीं खेळणाऱ्या कार्लसनची बाजू वरचढ होती. प्रतिपक्षाजवळ वेळही थोडा उरला होता. तरी एकतिसाव्या खेळीस त्यानें बरोबरी देऊं केली! अनेक जाणत्यांनीं त्यास नांवें ठेविलीं. परंतु निकाल आतां जलद डावांनीं लागावयाचा होता, आणि त्या प्रकारांत त्याचें प्रभुत्व सर्वमान्य होतें. दोन दिवसांनीं त्यानें ओळीनें तीन डाव जिंकून पद राखलें.

दोन्ही प्रसंगांचा विचार करितां आम्हांस असें वाटतें कीं, बरोबरीपूर्वीं तीन गोष्टी पाहाव्या: पटावर हरण्याचा धोका अधिक कोणास आहे, घड्याळांत वेळ किती उरला आहे, आणि या डावानंतर पुढें काय आहे. केवळ प्रतिपक्षाचें नांव मोठें म्हणून अर्धा गुण घेणें हा विवेक नव्हे. आणि अर्ध्या गुणानें कार्यभाग होत असतां इरेस पेटणें हेंही शौर्य नव्हे.

प्रतिपक्षानें बरोबरी देऊं केली, तर उत्तराची घाई करूं नये. नियमाप्रमाणें ती परत घेतां येत नाहीं. आपण नकार देईपर्यंत किंवा खेळण्याच्या हेतूनें मोहऱ्यास हात लावीपर्यंत ती उभी राहते. तोंवर आपल्या वेळांत पट पुन्हां एकदां पाहावा, आणि तो ही उदारता आतांच कां दाखवीत आहे, हें स्वतःस विचारावें. पुष्कळदां आपलें खरें उत्तर त्याच प्रश्नांत असतें.