मम न म्हणणाऱ्या

पूजेत यजमान संकल्प सोडतो, शेजारी बसलेली पत्नी त्याच्या हाताला हात लावते आणि तेवढ्यावर तिचा सहभाग झाला असं धरलं जातं. ‘हाताला हात लावून मम म्हणणं’ हे आपण एरवीही बोलताना वापरतो. गेल्या दहा-बारा वर्षांत भारतीय कंपन्यांच्या संचालक मंडळांवर आणि कम्प्लायन्सच्या खुर्चीत स्त्रिया पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त दिसू लागल्या आहेत. तिथे त्या मम म्हणतात की ‘थांबा’ म्हणतात, आणि कशामुळे, हा या लेखाचा विषय आहे. याचं उत्तर त्या त्या बाईच्या स्वभावात शोधणं मला चुकीचं वाटतं. ते तिच्या खुर्चीच्या घडणीत आहे. ती कोणाला जाब देते, तिला कोण काढू शकतं आणि तिने नाही म्हटल्यावर फाईल अडते की दुसऱ्या टेबलावरून पुढे जाते, यावर सगळं ठरतं.

आधी ही खुर्ची काय आहे ते पाहू. शेअर बाजारात नोंदलेल्या प्रत्येक कंपनीला कम्प्लायन्स ऑफिसर नेमावा लागतो, आणि बाजार नियामक सेबीच्या २०१५ च्या नियमांनुसार तो कंपनी सेक्रेटरीची परीक्षा उत्तीर्ण झालेलाच असावा लागतो. २०१३ च्या कंपनी कायद्याने कंपनी सेक्रेटरीला व्यवस्थापकीय संचालक आणि वित्तप्रमुख यांच्या पंक्तीला बसवलं. कॉमर्सच्या मुलींना ‘सीएस’ची वाट आता अनोळखी राहिलेली नाही. कंपनी सेक्रेटरींच्या राष्ट्रीय संस्थेच्या अध्यक्षपदी २००७ मध्ये प्रीती मल्होत्रा आल्या, २०१६ मध्ये ममता बिनानी. तरीही बाहेरच्या माणसाला हे काम कारकुनीचं वाटतं. इतिवृत्त लिहायचं, फॉर्म भरायचे, तारखा सांभाळायच्या. पण निकालाचा दिवस जवळून पाहिला की चित्र बदलतं. तिमाही संपल्यापासून निकाल जाहीर होऊन ४८ तास उलटेपर्यंत आतली माहिती असलेल्या कोणालाही कंपनीचे शेअर घेता-विकता येत नाहीत. व्यवहाराची ही खिडकी बंद ठेवायची जबाबदारी कम्प्लायन्स ऑफिसरची. बाजार चालू असताना संचालक मंडळाची बैठक संपली, तर ३० मिनिटांच्या आत निकाल एक्स्चेंजला कळवायचे. न जाहीर झालेली माहिती कोणाला, कधी, कशासाठी दिली याची नोंद एका डिजिटल वहीत करायची. ती वही अशी असते की केलेली नोंद मागाहून खोडता येत नाही, आणि ती किमान आठ वर्षं जपून ठेवावी लागते. मोठा हुद्दा असलेल्या अधिकाऱ्याला खिडकी उघडी असतानाही ठरावीक रकमेपुढचा व्यवहार करायचा, तर आधी या टेबलावरून मंजुरी घ्यावी लागते. म्हणजे ज्याच्या सहीने या खुर्चीतल्या बाईची पगारवाढ ठरते, त्याच माणसाला कधीतरी ‘आत्ता विकता येणार नाही’ असं लेखी कळवायची वेळ येते. हे कारकुनी काम नव्हे.

स्त्रिया या कामाला योग्य का, यावर ठरलेलं एक कौतुक नेहमी ऐकू येतं. बायका मुळातच प्रामाणिक, जपून वागणाऱ्या, घर सांभाळतात तसं कंपनीचं घर सांभाळतात. या कौतुकाच्या पुष्ट्यर्थ २००२ सालचं उदाहरण दिलं जातं. त्या वर्षी ‘टाइम’ साप्ताहिकाने वर्षातल्या व्यक्ती म्हणून तीन स्त्रियांची निवड केली होती. एन्रॉनच्या शेरॉन वॉटकिन्स, वर्ल्डकॉमच्या सिंथिया कूपर आणि अमेरिकी तपासयंत्रणा एफबीआयच्या कोलीन राउली. तिघींनी आपापल्या संस्थेतली चूक वरिष्ठांपुढे मांडली. पण यातल्या पहिल्या दोघींच्या गोष्टी शेजारी ठेवून वाचल्या की प्रामाणिकपणाची थिअरी तिथेच कोलमडते, कारण प्रामाणिक दोघीही होत्या आणि परिणाम मात्र अगदी वेगळे झाले.

एन्रॉन हे नाव मराठी वाचकाला दाभोळच्या वीज प्रकल्पामुळे पाठ आहे. ह्यूस्टनच्या मुख्यालयात वॉटकिन्स उपाध्यक्ष होत्या. ऑगस्ट २००१ मध्ये त्यांनी अध्यक्ष केनेथ ले यांना हिशेबातल्या लपवाछपवीबद्दल आधी निनावी पत्र लिहिलं, मग समक्ष भेटून सांगितलं. पुढे काय झालं? चौकशी त्याच वकिलांच्या फर्मकडे गेली, जिने त्यातल्या काही व्यवहारांवर स्वतः काम केलं होतं. टेक्ससच्या कायद्यात अशा कर्मचाऱ्याला संरक्षण नाही, असा सल्लाही त्या फर्मकडून कंपनीला मिळाला. आणखी खोलात जायची गरज नाही, असा चौकशीचा निष्कर्ष निघाला. २ डिसेंबर २००१ रोजी कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. वॉटकिन्स यांचं म्हणणं खरं ठरलं, पण त्याने काहीही थांबलं नाही. त्यांनी ज्या दारावर थाप मारली, त्याच्या आतच दोष होता.

सिंथिया कूपर अंतर्गत लेखापरीक्षण विभागाच्या प्रमुख होत्या. वर्ल्डकॉम दुसऱ्या टेलिफोन कंपन्यांच्या लाइन वापरायची आणि त्याचं भाडं द्यायची. हा रोजचा खर्च. तो मालमत्तेत दाखवला जात होता, म्हणजे महिन्याचं घरभाडं भरावं आणि वहीत मात्र घर विकत घेतल्याची नोंद करावी तसं. त्यामुळे नफा फुगलेला दिसत होता. कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उशिरापर्यंत थांबून नोंदी एकेक करून तपासल्या. वित्तप्रमुख स्कॉट सुलिव्हन यांनी ही तपासणी पुढच्या तिमाहीवर ढकलायला सांगितलं. कूपर थांबल्या नाहीत. त्या सरळ ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे गेल्या, कारण तो रस्ता त्यांच्यासाठी आधीपासून उघडा होता. २५ जून २००२ रोजी कंपनीने ३.८ अब्ज डॉलरची चूक जाहीर केली. पुढे हा आकडा ११ अब्जांच्या घरात गेला. दोघींमध्ये फरक पडला तो या एका दरवाजाचा. वॉटकिन्स यांना तक्रार त्या व्यवस्थेच्या शेंड्याकडेच न्यावी लागली. कूपर यांना वित्तप्रमुखाला वळसा घालून त्याच्यावर देखरेख ठेवणाऱ्या माणसापर्यंत जाता आलं. आपल्या कंपनी कायद्याच्या १७७ व्या कलमाने तक्रारदाराला अपवादात्मक प्रसंगी थेट ऑडिट कमिटीच्या अध्यक्षांकडे जायची मुभा दिली आहे, तिचं मोल इथे कळतं. आणि कूपर यांच्या सोबत नोंदी उपसणाऱ्या चमूत पुरुष होते, हेही विसरायला नको.

उलटा पुरावाही आहे. रक्ततपासणीचं क्रांतिकारी यंत्र बनवल्याचा दावा करणाऱ्या थेरानोस कंपनीच्या संस्थापक एलिझाबेथ होम्स गुंतवणूकदारांच्या फसवणुकीसाठी जानेवारी २०२२ मध्ये दोषी ठरल्या. त्या कंपनीच्या प्रयोगशाळेतून बाहेर पडून बोललेल्यांत एरिका चंग ही तरुणी होती आणि टायलर शुल्ट्झ हा तरुणही. टायलरचे आजोबा त्याच कंपनीच्या संचालक मंडळावर होते. फसवणाऱ्यांत स्त्री, उघड करणाऱ्यांत स्त्री आणि पुरुष दोन्ही. तेव्हा प्रामाणिकपणा लिंगाप्रमाणे वाटला जातो हे म्हणणं सोडून द्यावं. मला हे कौतुक नुसतं चुकीचं नाही, घातक वाटतं. बाई जात्याच सचोटीची असं मानलं, की तिला अधिकार, मुदत आणि संरक्षण द्यायची गरज कोणाला वाटत नाही. तिने आपल्या पुण्याईवर भागवावं अशी अपेक्षा होते. आणि एखादी चुकली, की शिक्षा तिच्यापुरती न राहता पुढच्या दहाजणींच्या नेमणुका त्यात अडकतात.

मग मंडळांवरचं आरक्षण कशाला, असा प्रश्न इथे रास्त आहे. २०१३ च्या कायद्याने सूचीबद्ध कंपन्यांना किमान एक स्त्री संचालक नेमणं बंधनकारक केलं. सेबीने दिलेली मुदत १ एप्रिल २०१५ ला संपली. मुदत जवळ आली तशी कित्येक कंपन्यांनी प्रवर्तकांच्याच घरातल्या पत्नी, मुली, सुना मंडळावर आणून बसवल्या. हाताला हात लावण्याची याहून शब्दशः आवृत्ती सापडणार नाही. नंतर सेबीने नेमलेल्या कोटक समितीच्या शिफारशींवरून नियम बदलला. बाजारमूल्याने पहिल्या ५०० कंपन्यांना १ एप्रिल २०१९ पासून आणि पहिल्या १००० कंपन्यांना १ एप्रिल २०२० पासून किमान एक ‘स्वतंत्र’ स्त्री संचालक नेमावी लागली. एका शब्दाची ही भर. पण त्या एका शब्दामुळे प्रवर्तकाच्या नात्यातली व्यक्ती अपात्र ठरली, आणि बँकिंग, लेखापरीक्षण, कायदा या क्षेत्रांत वर्षानुवर्षं काम केलेल्या स्त्रियांसाठी जागा निर्माण झाली. आरक्षण नुसतं संख्येचं असलं की दिखावा होतो हे २०१५ ने दाखवलं. पण संख्येला स्वातंत्र्याची अट जोडली तर ते उपयोगी पडतं, हे त्याच नियमाच्या दुसऱ्या आवृत्तीने दाखवलं. आरक्षणावर टीका करणाऱ्यांपैकी बरेचजण २०१५ पाशीच थांबतात.

खुर्ची कशी घडवावी याचा सर्वांत चांगला नमुना आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने घालून दिला आहे. सप्टेंबर २०२० च्या परिपत्रकात बँकांच्या मुख्य कम्प्लायन्स अधिकाऱ्याची व्याख्या अगदी नेमकी केली आहे. नेमणूक किमान तीन वर्षांची. मुदतीआधी बदली किंवा गच्छंती करायची, तर संचालक मंडळाची पूर्वमंजुरी. हा अधिकारी व्यवसाय आणणाऱ्या विभागाच्या हाताखाली नसावा, आणि त्याच्यावर दुसरं काम लादू नये. तो व्यवस्थापकीय संचालकाला जाब देत असेल, तर दर तिमाहीला त्याने ऑडिट कमिटीला बड्या अधिकाऱ्यांच्या गैरहजेरीत भेटावं. पुढे हीच चौकट मोठ्या बिगरबँक वित्तसंस्थांनाही लागू झाली. या परिपत्रकात स्त्रीचा उल्लेख कुठेही नाही, आणि तरीही माझ्या मते या क्षेत्रातल्या स्त्रियांसाठी गेल्या काही वर्षांत झालेली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. जिच्यामागे जुनी ओळखीपाळख नाही, गोल्फच्या मैदानावरची मैत्री नाही, संध्याकाळच्या बैठकांना जिला बोलावलं जात नाही, तिला नाही म्हणताना लेखी मुदतीचा आणि बंद दाराआडच्या त्या तिमाही भेटीचाच आधार असतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. कंपन्या स्त्रियांना नीतीच्या नावाखाली अशा कोपऱ्यात बसवतात जिथून मुख्याधिकारीपदाचा जिना सुरू होत नाही, असा तो आहे. लैंगिक छळविरोधी अंतर्गत समिती हे त्याचं ठळक उदाहरण. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवींवर १९९२ मध्ये झालेल्या अत्याचारातून विशाखा खटला उभा राहिला. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक सूचना दिल्या, २०१३ मध्ये कायदा आला. दहा किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक आस्थापनेत ही समिती हवी, तिची अध्यक्ष वरिष्ठ स्त्री असावी, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया असाव्यात आणि चौकशी ९० दिवसांत पुरी व्हावी. यातून दोन गोष्टी झाल्या. एक, ‘बायकांचं काम’ म्हणून हे ओझं आधीच भरगच्च टेबल असलेल्या एखाद्या वरिष्ठ महिला अधिकाऱ्याच्या डोक्यावर पडलं, बहुतेक ठिकाणी वेगळा वेळ किंवा मोबदला न देता. दुसरं, शेकडो स्त्रियांना दोन्ही बाजू ऐकणं, पुरावा तोलणं, मोठ्या हुद्द्यावरच्या माणसाविरुद्ध लेखी निष्कर्ष काढणं या गोष्टी करता आल्या. चौकशी कशी नसावी हेही न्यायालयाने स्पष्ट केलं. गोवा विद्यापीठातल्या एका प्रकरणाचा निकाल देताना मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घाईने, एकतर्फी उरकलेली चौकशी रद्द ठरवली आणि हा कायदा दशकभरानंतरही नीट राबवला जात नाही याबद्दल कडक शब्दांत नाराजी नोंदवली. म्हणजे नुसती सहानुभूती पुरत नाही, कार्यपद्धतीचं ज्ञान लागतं. ते ज्ञान वरच्या पदांसाठी अनुभव म्हणून धरलं जात नसेल, तर चूक काम करणारीची नाही, बढती ठरवणाऱ्यांची आहे. २०२५ च्या जुलैपासून कंपन्यांच्या संचालकांच्या अहवालात अशा किती तक्रारी आल्या, किती मिटल्या आणि किती ९० दिवसांपेक्षा जास्त रखडल्या हे आकडे द्यावे लागतात. समितीचं काम आता भागधारकांच्या नजरेला जास्त स्पष्टपणे पडतंय.

कम्प्लायन्स धंद्याला ब्रेक लावतं, या तक्रारीत फार वेळ घालवत नाही. एन्रॉन आणि वर्ल्डकॉमच्या भागधारकांचं काय झालं, एवढं पाहणं पुरे.

आता जे राहिलं आहे त्याबद्दल. डिसेंबर २०२४ मध्ये सेबीने सूचीबद्ध कंपन्यांच्या कम्प्लायन्स ऑफिसरचा हुद्दा उंचावला. तो पूर्णवेळ असावा आणि संचालक मंडळाच्या फार तर एक पायरी खाली. पाऊल चांगलं आहे, पण हुद्द्याबरोबर बँकांसारखी किमान मुदत आणि ऑडिट कमिटीशी स्वतंत्र भेट मिळायला हवी होती. तोवर एक कागद उपयोगी आहे, आणि त्याच्याकडे पुरेसं लक्ष जात नाही. २०२३ पासून कम्प्लायन्स ऑफिसरने राजीनामा दिला, तर सविस्तर कारणांसह त्याचं पत्र राजीनामा लागू झाल्यापासून सात दिवसांत शेअर बाजाराला कळवावं लागतं. ती पत्रं एक्स्चेंजच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येतात. ‘वैयक्तिक कारणास्तव’ आणि ‘नव्या संधीसाठी’ हे शब्द त्यांत इतके ठरीव असतात, की निकालांच्या तोंडावर किंवा प्रवर्तकांशी संबंधित लोकांबरोबरच्या एखाद्या मोठ्या व्यवहाराच्या आधी कोणी का गेली, हे त्यातून कळत नाही. ऑडिट कमिटीच्या अध्यक्षाने राजीनामा मंजूर होण्याआधी तिच्याशी एकांतात बोलावं, तिने शेवटच्या सहा महिन्यांत कशाकशाला लेखी नकार दिला होता ते विचारावं, आणि हे विचारलं गेलं एवढं तरी इतिवृत्तात लिहावं. हे इतिवृत्त लिहिण्याचं काम तिच्याच टेबलावरचं आहे.