पाळी गेल्यानंतर (लेखांक ६) : लेझर करून घ्यावं का?

मागच्या लेखात आपण कोरडेपणा, जळजळ आणि संबंधाच्या वेळचं दुखणं यांबद्दल बोललो. आता त्यावरच्या सर्वांत गाजावाजा झालेल्या उपायाकडे वळू. ‘टाके नाहीत, भूल नाही, लगेच घरी’ अशी लेझरची जाहिरात हिंजवडीतल्या आयटीवालीच्या मोबाइलवर झळकते, तशी पिरंगुटच्या कारखान्यात जाणाऱ्या बाईच्याही. दोघींना पडणारा प्रश्न एकच.

आधी त्रासाचं मूळ पाहू. पाळी थांबली की इस्ट्रोजेन उतरतं. योनिमार्गाचं अस्तर पातळ पडतं, रक्तपुरवठा घटतो, ओलावा आटतो. अस्तरातल्या ग्लायकोजेनवर पोसणारे लॅक्टोबॅसिलस हे उपकारक जंतू रोडावतात, आम्लता कमी होते आणि लघवीचा जंतुसंसर्ग पुन्हा पुन्हा डोकं वर काढतो. गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. हा त्रास मात्र उपचार केले नाहीत तर सहसा आपोआप जात नाही.

यासाठी वापरला जाणारा कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला तो पुणे जिल्ह्यातल्याच माणसाने. कुमार पटेल यांचा जन्म १९३८चा, बारामतीचा. पुण्यात अभियांत्रिकी शिकून ते अमेरिकेला गेले आणि बेल लॅब्जमध्ये असताना १९६४ मध्ये त्यांनी हा लेझर घडवला. त्याचे अवरक्त किरण पाणी चटकन शोषून घेतं. पेशींमध्ये पाणीच जास्त, त्यामुळे किरण पडेल तिथली ऊती क्षणात तापते.

प्रत्यक्षात काय करतात? तपासणीच्या टेबलावर झोपवून बोटाएवढी जाड नळी आत सरकवतात. ती थोडी फिरवायची, थोडी मागे घ्यायची आणि दर वेळी किरण सोडायचे. अस्तरावर चाळणीच्या भोकांसारखे बारीक ठिपके भाजले जातात, मधली जागा शाबूत राहते. काही मिनिटांत काम उरकतं. साधारण महिना-दीड महिन्याच्या अंतराने अशा तीन बैठका होतात. जखम भरताना नवं कोलॅजेन तयार होईल आणि अस्तर पुन्हा जाड होईल, असा यामागचा विचार.

विचार पटण्यासारखा आहे, पण पुरावा त्याला साथ देत नाही. सिडनीत ८५ स्त्रियांवर झालेली चाचणी २०२१ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. काहींना खरा लेझर दिला, काहींना नुसती नळी फिरवून नावापुरता. कुणाला काय मिळालं हे त्यांना सांगितलं नव्हतं. वर्षभरानंतर दोन्ही गटांच्या त्रासात म्हणावा असा फरक निघाला नाही. त्याआधी २०१८ मध्येच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने, एफडीएने, अशा उपकरणांच्या जाहिरातबाजीबद्दल कंपन्यांना पत्रं धाडली होती. भाजणं, व्रण आणि कायमचं दुखणं अशा तक्रारींची नोंद त्याच इशाऱ्यात आहे.

मग करायचं काय? सौम्य त्रासाला ओलावा देणारं जेल पुरतं. त्याने भागलं नाही तर इस्ट्रोजेनचं योनीत लावायचं मलम. बहुधा दोन आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा. रक्तात ते फारच थोडं उतरतं. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र कर्करोगतज्ज्ञांना विचारल्याशिवाय लावू नये. खोकताना-शिंकताना लघवी निसटत असेल तर ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम : एका वेळी निदान ८ आकुंचनं, दिवसातून तीनदा, सलग तीन महिने. भातलावणीत आणि ओझी वाहण्यात जन्म गेलेल्या बायांची ‘अंग बाहेर येतं’ ही तक्रार वेगळी. तिथे त्रास जास्त असेल तर आत बसवायची रिंग किंवा शस्त्रक्रिया हे उपाय. पाळी गेल्यावर पुन्हा अंगावर जाऊ लागलं तर यांतलं काहीही करण्याआधी तपासणी हवीच.

तरीही कुणी लेझर सुचवलाच, तर तीन प्रश्न विचारा : माझं निदान नेमकं काय? मलम आणि व्यायाम आधी का नकोत? भाजलं किंवा दुखणं राहिलं तर पुढचे उपचार कोण करणार? उत्तराऐवजी सवलतीचं पॅकेज पुढे आलं, तर पैसे तिथे भरू नका. पौडच्या ग्रामीण रुग्णालयात जा किंवा ओळखीच्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे. साधी तपासणी आणि मलमाची चिठ्ठी, सुरुवात तिथूनच करायची.

(पुढील आठवड्यात : गर्भपिशवी काढल्यानंतर अचानक येणारी रजोनिवृत्ती)