हरिपूरचं पेव आणि समीकरणातले दोन सहा

समीकरण 'बॅलन्स' करणं हा फर्स्ट इयरला मार्कांपुरता आकड्यांचा खेळ वाटतो. सांगलीजवळ कृष्णा-वारणेच्या संगमावरच्या हरिपुरात मात्र हाच खेळ जमिनीखाली चालत आला. तिथली हळदीची पेवं प्रसिद्ध! वर माणूस उतरेल एवढंच तोंड, खाली प्रशस्त पोट. हळद भरायची आणि तोंड बंद करून मातीनं लिंपायचं. २००५ च्या महापुरात यातली बरीच पेवं निकामी झाली.

बंद पेवात हळद किडत का नाही? हळद शिजवून वाळवलेली, ती स्वतः श्वास घेत नाही. पण तिच्याबरोबर आत गेलेले किडे, बुरशी, जंतू घेतात ना! हळदीतल्या स्टार्चचं ग्लुकोज होतं आणि मग :

ग्लुकोज + ६ ऑक्सिजन → ६ कार्बन डायऑक्साइड + ६ पाणी

अणू मोजून बघा. दोन्हीकडे कार्बन ६, हायड्रोजन १२, ऑक्सिजन १८. नवीन काही आलं नाही, फक्त जोड्या बदलल्या. खाणं पोत्यांनी आहे, ऑक्सिजन मात्र हवेत जेमतेम २१ टक्के. तो संपत आला की किडे मरतात, क्रिया थंडावते. पुस्तकातला 'लिमिटिंग रिएजंट' तो हाच, बरं का!

आता ते वायूंपुढचे दोन सहा. जेवढे रेणू गेले तेवढेच आले. म्हणजे दाब जवळपास तोच. झाकण फुगत नाही. रंग नाही, वासानं कळत नाही. पण हजार लिटर हवेतला सगळा ऑक्सिजन असा वापरला गेला, तर २१० लिटर कार्बन डायऑक्साइड तयार होतो. दहा टक्क्यांनाच माणूस काही मिनिटांत बेशुद्ध पडतो, इथं तर वीसच्या वर! त्यात त्याचा रेणुभार ४४, हवेचा सरासरी २९. सहजासहजी वर येत नाही.

म्हणून पेव उघडल्यावर काही तास तसंच ठेवतात, मग कंदील सोडून बघतात. विझला तर कुणी उतरत नाही. अडाणी रीत म्हणून हसू नका. ज्योतीलाही ऑक्सिजनच लागतो आणि तो १६-१७ टक्क्यांवर आला की ती विझते.

हीच युक्ती हॉस्टेलच्या सेप्टिक टँकवर मात्र कुणी करू नये. तिथं ऑक्सिजनशिवाय जगणारे जंतू मिथेन तयार करतात, कंदिलानं भडका उडेल. शिवाय हायड्रोजन सल्फाइड असतो, तो ज्योत जळत असतानाही माणूस मारतो. तिथं गॅस मीटरच हवा. आणि आत कुणी पडलाच, तर त्याच्यामागे उडी टाकायची नाही, फायर ब्रिगेडला १०१ लावायचा.