जिन्याखालची खोली

काशीत दुर्गाघाटावरच्या आमच्या जुन्या घरात जिन्याखाली एक खोली आहे. खिडकी नाही, भिंतीत एक कोनाडा तेवढा. 1949 साली माझे बाबा तिथं जन्मले. शेगडी, ओवा-शोपांची धुरी, उशाशी वेखंड, पाचव्या दिवशी सटवाईची पूजा, सारं आपल्याकडच्यासारखंच. नाळ कापायला मात्र गल्लीतली भोजपुरी बोलणारी दाई. आजी सांगायची, ती रात्रभर पाठीशी बसून कंबर चोळायची आणि पुढची कळ कशी येईल ते आधीच सांगायची. दवाखान्याचं नाव काढलं की आजी म्हणे, "झाशीची मनू नाही का इथंच भदैनीत घरात जन्मली?" पण आजीच्या सहा बाळंतपणांतली चारच मुलं जगली. एक धनुर्वातानं सातव्या दिवशी गेलं. त्या खोलीची आठवण मी कधीच नुसत्या मायेनं काढू शकत नाही.

माझ्या थोरल्या भावाच्या वेळी वार अडकली आणि आई मरता मरता वाचली. म्हणून 1978 साली माझ्या वेळी तिला कळा सुरू होताच खुर्चीत बसवून मैदागिनपर्यंत उचलून नेलं, कारण आमच्या गल्लीत रिक्षा शिरत नाही. तिथून कबीरचौऱ्याचं सरकारी महिला रुग्णालय. पुन्हा रक्त गेलं, पण या वेळी सलाईन होतं, इंजेक्शन होतं, हात घालायला डॉक्टरीण होती. आई त्या दवाखान्याला आजही हात जोडते.

तरीही 2005-06 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत उत्तर प्रदेशातली जेमतेम 20.6 टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. महाराष्ट्रात तेव्हा 64.6 टक्के. 2005 मध्येच जननी सुरक्षा योजना आली. उत्तर प्रदेशात सरकारी दवाखान्यात बाळंत झालेल्या खेड्यातल्या बाईला 1400 रुपये, शहरातलीला 1000. आशाताई बायकांना घेऊन येऊ लागल्या आणि वॉर्ड भरून गेले.

मी 2007 साली माहेरी आले ती या गर्दीत. दवाखान्याचं नाव लिहीत नाही. एका खाटेवर आम्ही दोघी होतो. लेबर रूमचं दार लागलं आणि आई बाहेर राहिली. पुढचे नऊ तास माझ्याशी कुणी काही बोललं नाही. ड्रिप कशाची ते सांगितलं नाही, कात्री लावली तीही न विचारता. ओरडले तर दरडावलं. शेवटी एकीनं दोन्ही हातांनी पोट दाबलं. मुलगा झाल्याचं कळलं ते बाहेर आईकडे नेग, म्हणजे बक्षिशी, मागितला गेला तेव्हा. बाळ सुखरूप होतं, मीही होते, म्हणून तक्रार करायची नाही असं सगळे म्हणाले. मला ते आजही पटत नाही. आजीच्या दाईला वैद्यक येत नव्हतं, पण पुढे काय होणार ते ती सांगत होती, आणि निम्मी भीती त्यानंच जाते.

हळूहळू नियम बदलले. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझेरियन, औषधं, जेवण, जाणंयेणं मोफत. 2016 मध्ये केंद्रानं बाळंतिणीसोबत एका बाईला आत राहू द्यायला सांगितलं. 2018 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं पोट दाबू नका, सरसकट कात्री लावू नका, बाईला हवं तसं बसू-वळू द्या, असं स्पष्ट लिहिलं. 2019-21 च्या पाहणीत उत्तर प्रदेशात दवाखान्यातल्या बाळंतपणांचा आकडा 83.4 टक्क्यांवर गेला, आणि 2021 च्या जुलैत बनारस हिंदू विद्यापीठात 100 खाटांचा माता-बाल विभाग सुरू झाला. कागदावरचं सगळं खाटेपर्यंत पोचतंच असं नाही, पण आता निदान मागता तरी येतं.

2022 मध्ये भावाची लेक पहिल्या बाळंतपणाला आली. आदल्या संध्याकाळी डिंक तळता तळता मी तिला सगळं सांगितलं. पहिल्या वेळी पिशवीचं तोंड उघडायला बारा-चौदा तासही लागतात, तोवर चालत राहा. तपासताना काय करताय ते विचार. बाळाचे ठोके मोजताना तुलाही ऐकवायला सांग. बाळ बाहेर आलं की मांडीत एक इंजेक्शन देतील, ते रक्त थांबवायला. माझ्या आजीच्या वेळी ते नव्हतं. नाळ लगेच कापायची घाई नसते. बाळ अंगावर ठेव, तासाभरात पाज. टाके पडले तर आठवडाभर बसताना दुखेल, त्यात काही बिघडलेलं नसतं. सारखं पॅड भिजलं तर मात्र गप्प राहू नकोस. आणि दोन दिवस घरी यायची घाई करू नकोस.

"आत्या, तुला कुणी सांगितलं होतं हे?" तिनं विचारलं. मी कढईतला डिंक काढत राहिले.

पहाटे तीनला कळा वाढल्या. लेबर रूमच्या दाराशी सिस्टरनं विचारलं, "अंदर साथ में कौन रहेगा?" पोरीनं माझा दंड धरला. मी चपला बाहेर काढल्या आणि तिच्याबरोबर आत गेले.