बान्ह मी : व्हिएतनामी पावाचे स्वस्त दुकान

हो ची मिन्ह सिटी, म्हणजेच पूर्वीचे सायगॉन, या शहरातील काओ थांग रस्त्यावर ‘होआ मा’ नावाचे एक लहानसे दुकान आहे. सकाळच्या वेळी तेथे गल्लीत मांडलेल्या बुटक्या स्टुलांवर बसून लोक छोट्या तव्यात आलेली अंडी व मांसाचे काप कुरकुरीत पावाबरोबर खातात, तर घाईत असलेले तोच ऐवज पावात भरून घेऊन जातात. या भरलेल्या पावाला ‘बान्ह मी’ म्हणतात आणि त्याच्या घडणीत या दुकानाचा वाटा मोठा मानला जातो.

पाव व्हिएतनाममध्ये आणला तो एकोणिसाव्या शतकात फ्रेंच राज्यकर्त्यांनी. परंतु तेथील उष्ण-दमट हवेत गहू पिकत नसल्याने पीठ बाहेरून येई, पाव महाग पडे आणि तो लोणी व मांसाच्या कापांसह ताटात वाढण्याची साहेबी रीत सामान्यांच्या आवाक्याबाहेर राही. १९५४ च्या जिनिव्हा करारानंतर देशाची फाळणी झाली आणि उत्तरेतून लाखो लोक दक्षिणेत आले. अशाच एका दांपत्याने १९५८ मध्ये ‘होआ मा’ सुरू केले आणि ताटातले पदार्थ पावाच्या पोटात भरून हातात देण्याची पद्धत सायगॉनमध्ये रुजत गेली.

पाव कापून त्यात प्रथम ‘पाते’, म्हणजे यकृत व मांस वाटून शिजवलेला मऊ गोळा, आणि अंड्यातील बलक व तेल घोटून केलेले मेयोनेज माखतात. त्यावर डुकराच्या मांसाचे पातळ काप, ‘दो चुआ’ हे गाजर-मुळ्याचे आंबटगोड लोणचे, काकडी, कोथिंबीर आणि हिरवी मिरची येते. महागडे मांस थोडे आणि भाजी भरपूर, हे प्रमाण खिशाला परवडते. मात्र याला केवळ काटकसर म्हणणे अन्यायाचे ठरेल, कारण पात्याचा स्निग्धपणा लोणच्याच्या आंबटपणाने तोलला जातो आणि अधिक मांस घातल्यास तो तोलच बिघडतो.

१९७५ मध्ये सायगॉन पडल्यावर देशाबाहेर गेलेल्या निर्वासितांनी कॅलिफोर्नियापासून पॅरिस-सिडनीपर्यंत अशी दुकाने थाटली. तेथेही गर्दीचेच दुकान निवडावे, कारण या पावाचे पातळ कवच काही तासांतच मऊ पडते आणि जेथे खप मोठा असतो तेथेच ताजा पाव सतत भट्टीतून निघत राहतो व कमी नफ्यावरही दुकान चालते.