दिराच्या पायातला बूट निघेपर्यंत विधवा अडकलेली: यहुदी धर्मातील ‘हलित्सा’

पती वारला की आपल्याकडे चार महिने दहा दिवसांची इद्दत असते (सूरह बकरा, आयत 234). ती संपली की बाई निकाहला मोकळी. यहुदी शरियतमध्ये, म्हणजे ‘हलाखा’मध्येही विधवेला तीन महिने थांबावं लागतं. गर्भ कोणाचा, हा संशय राहू नये म्हणून. दुसऱ्या लग्नाला बंदी नाही.

पेच येतो तो नवरा मूलबाळ नसताना गेला तर. तौरातच्या ‘अनुवाद’ या ग्रंथातील 25 व्या अध्यायात हुकूम आहे, की अशा विधवेशी दिराने लग्न करावं, म्हणजे मयत भावाचं नाव पुसलं जाणार नाही. याला ‘यिब्बूम’ म्हणतात. दिराला लग्न करायचं नसेल तर ‘हलित्सा’. धर्मपंचांसमोर विधवा दिराच्या उजव्या पायातला चामड्याचा बूट सोडवते, त्याच्यापुढे जमिनीवर थुंकते आणि ठरलेले शब्द म्हणते. मगच ती दुसऱ्याशी लग्न करू शकते. इस्राईलच्या प्रमुख रब्बींनी 1950 मध्ये यिब्बूम बंद करून हलित्साच करायची, असं ठरवलं.

पण दीर आलाच नाही तर? पैसे मागू लागला तर? दीर लहान असेल, तर तो 13 वर्षांचा होईपर्यंत वहिनीने थांबायचं! म्हणून काही ठिकाणी नवरदेवाच्या भावांकडून लग्नातच हलित्साचं लेखी वचन घेत. इस्राईलच्या 1953 च्या कायद्यात तर अडून बसलेल्या दिराला तुरुंगात टाकण्याची सोय आहे.

इस्लामपूर्व अरबांत मयताचे वारस त्याच्या बायकोवरच हक्क सांगायचे. कुरआनने ते हराम केलं (सूरह निसा, आयत 19). दिराशी निकाह जायज आहे, पण बाईची रजामंदी हवी. आपल्या घरांत ‘घरची सून घरातच राहील’ म्हणत निकाह ठरतात, तेव्हा तिला खरंच विचारतात का?

या विधीचा फटका आपल्या कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या बेने इस्राईलनाही बसला. त्यांच्यात विधवेचं लग्न क्वचितच व्हायचं, हलित्साची रीत नव्हती. ते इस्राईलला गेल्यावर, यांच्या पूर्वजांना तलाक-हलित्साचे नियम माहीत नव्हते, असं म्हणत रब्बींनी लग्नाआधी त्यांच्या पिढ्यांची चौकशी लावली. 1964 मध्ये जेरुसलेममध्ये मोठं आंदोलन झालं, तेव्हा कुठे त्या आदेशातून त्यांचं नाव निघालं.